जिथून पापुद्रा सुटतो

पावसाळ्यात आमच्या घरी निम्मे कपडे इस्त्रीखालीच वाळतात. गोव्यातल्या फोंड्याची हवा जुलैत इतकी ओली असते की दोन दिवस दोरीवर टांगलेल्या सुती कुडत्याच्या शिवणीला बोट लावलं तरी गारवा लागतो, आणि इस्त्री फिरवली की वाफेबरोबर कोंदट वास उठतो. अशाच एका सकाळी आईच्या वेळची जड इस्त्री तडकन आवाज करून बंद पडली. घरच्यांनी नवी घ्यायचा लकडा लावला, पण माझ्या मनगटाला तिच्या वजनाची सवय. म्हणून ती पिशवीत घालून वरच्या बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकान बाप-लेकाचं. काउंटरच्या एका टोकाला बाप पंखे, मिक्सर, इस्त्र्या उघडून बसलेला. दुसऱ्या टोकाला निळ्या दिव्याखाली मुलगा मोबाइल उघडून बसलेला. मुलगा माझा जुना विद्यार्थी. बारावीनंतर त्यानं शिक्षण सोडलं, का ते मी कधी विचारलं नाही.

काकांनी इस्त्रीचे स्क्रू काढले, वरचं कवच बाजूला केलं, लोखंडी दाबपट्टी उचलली आणि खालचा एलिमेंट माझ्यासमोर धरला. “टीचर, हें पळयात.” अभ्रकाच्या पातळ तुकड्यावर गुंडाळलेली चपटी नायक्रोमची पट्टी एका जागी तुटली होती, आणि तिथला अभ्रक फुगून, पांढुरका होऊन भुसभुशीत झाला होता. वर-खाली अभ्रकाचे आणखी दोन पत्रे. खालचाही गेलाच होता. काकांनी डब्यातून नवा पत्रा काढला, तो जरा जाड वाटला, म्हणून त्याच्या कोपऱ्यात ब्लेडचं टोक घातलं. बारीकसा आवाज झाला आणि पत्र्यातून दुसरा पत्रा सुटला, तितकाच सपाट, तितकाच चकचकीत. मग त्यातून तिसरा. हे चालू असताना मुलानं मान वर केली आणि विचारलं, “टीचर, इस्त्रीत अभ्रक घालतात तो उष्णता खाली जावी म्हणून. भट्टीच्या खिडकीला लावतात तो उष्णता बाहेर येऊ नये म्हणून. मग तो उष्णता जाऊ देतो की अडवतो?”

मी उत्तर दिलं, आणि ते बरोबरही होतं. अभ्रक वीज अजिबात जाऊ देत नाही, म्हणून तो इस्त्रीत असतो. उष्णतेचा तो वाईटच वाहक, पण इतका पातळ घातला की फारसं अडत नाही. इस्त्री हजार वॉटची, एलिमेंटचं क्षेत्र दोनशे चौरस सेंटिमीटर, अभ्रकाची जाडी ०.२ मिलिमीटर धरली, तर त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे वीस अंशांचा फरक पडतो. इस्त्रीला तेवढा परवडतो. मुलानं मान डोलावली, काकांनी नवी पट्टी बसवली, मी पैसे देऊन, इस्त्री तिथेच ठेवून बाहेर पडले. बाहेर सरी कोसळत होत्या, आणि छत्री उघडता उघडता मला जाणवत होतं की आपण जाडीबद्दल बोललो आणि ज्याबद्दल बोलायला हवं होतं ते राहूनच गेलं.

ब्लेड दर वेळी एकाच बाजूनं शिरत होतं.

अभ्रकाला ब्लेड वरून लावून पाहा, ओरखडा उठेल, फार तर तुकडा मोडेल. कडेनं लावा, तो आपण होऊन वाट देतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे अणू एकमेकांना घट्ट धरून एक चादर विणतात. त्या विणीतले बंध बळकट असतात, ते सहजी तुटत नाहीत. अशा दोन चादरींच्या मध्ये पोटॅशियमच्या आयनांचा एक थर. चादरींवर ऋण भार, पोटॅशियमवर धन भार, एवढ्या ओढीवर सगळी चळत टिकून असते. ब्लेड शिरतं ते याच पोटॅशियमच्या थरातून. आणि उष्णता अडखळते तीही इथेच. चादरीच्या अंगानं जाणाऱ्या उष्णतेसाठी अभ्रकाची वाहकता चार वॉट प्रति मीटर केल्विनच्या आसपास, आणि चादरी ओलांडून आरपार जाणाऱ्या उष्णतेसाठी अर्ध्या-पाऊण वॉटची. (वाहकतेचे पुढचे सगळे आकडेही याच एककात.) स्फटिक तोच, अणू तेच, तापमान तेच. दिशा फिरवली की आकडा सहा-सात पट बदलतो. मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन आकड्यांमध्ये होतं, आणि इस्त्रीत तर अभ्रक नेमका त्याच्या वाईट दिशेनं वापरलेला असतो.

लहानपणी मला अभ्रक भेटला तो कपाळावर. आजोबा साखळीला विठ्ठलापुरात चैत्रीच्या उत्सवाला जायचे आणि रात्री उशिरा परत यायचे, तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या काळ्या बुक्क्यात काही कण कंदिलाच्या उजेडात लुकलुकायचे. मी बोटानं ते टिपून घ्यायचे. बोटाच्या पेरावर तो कण हलवला की एका विशिष्ट कोनात लख्खकन चमकायचा आणि जरा कललं की विझायचा. कितीही बारीक केला तरी अभ्रक सपाटच राहतो, कारण कुटतानाही तो त्याच थरातून सुटत जातो. म्हणून तर त्याचा कण आरशाची चमक टिकवून धरतो. हे तेव्हा कोण सांगणार? पण त्या चमकण्या-विझण्याची दिशा मी नकळत शिकून घेतली होती, आणि भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यावर इतकी वर्षं तिचा आणि उष्णतेचा संबंध माझ्या बोलण्यात कधी आला नव्हता.

धातूंत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन वाहून नेतात. अभ्रक, क्वार्ट्झ, मीठ, हिरा यांच्यात ते काम अणूंच्या कंपनांकडे असतं. एक अणू जोरात थरथरला की बंधाच्या ओढीनं शेजारचा थरथरतो, त्याच्यामुळे त्याच्या पुढचा, आणि अशी लाट पुढे सरकते. या लाटांच्या पुंजांनाच फोनॉन म्हणतात. वर्गात सांगताना मी फुगडीचा दाखला देते. आमच्याकडे चवथीला बायका फुगडीचा फेर धरतात, तेव्हा हात घट्ट धरलेले असले की एकीचा हिसका फेराच्या पार पलीकडच्या बाईपर्यंत पोचतो. नुसती बोटांना बोटं टेकलेली असली तर तो शेजारणीच्या कोपरातच जिरतो. बंध जितका ताठ आणि अणू जितका हलका, तितकी लाट वेगानं धावते आणि तितकी जास्त कंप्रता पेलते. त्यात आणखी एक गोष्ट असते: या लाटा एकमेकींवर आदळतात, विखुरतात, मागे वळतात. त्या तशा वागल्या नसत्या तर निर्दोष स्फटिकात उष्णतेला काही अडथळाच उरला नसता. हे गणित भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये मांडलं. म्हणजे बंध किती ताठ आहे एवढंच पाहून भागत नाही, लाटा किती लांबवर न अडखळता जातात हेही पाहावं लागतं. पण पहिलं पाऊल बंधाचंच.

याचा सगळ्यात टोकाचा नमुना त्याच काउंटरच्या दुसऱ्या टोकाला पडलेला होता. इस्त्री परत आणायला गेले तेव्हा मुलानं एका मोबाइलच्या आतून एक काळपट, कागदाहून पातळ पट्टी सोलून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. बोटांना किंचित तेलकट लागली. ग्रॅफाइट. प्रोसेसरची ऊब एका ठिपक्यात साचून राहू नये, ती फोनच्या पाठीवर पसरावी, म्हणून ती लावलेली असते. कार्बनचे अणू षटकोनी जाळीत एकमेकांना सहसंयुज बंधांनी धरतात, दोन अणूंमधलं अंतर १.४२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), अशा जाळ्या एकमेकींवर रचलेल्या असतात ३.३५ अँगस्ट्रॉम अंतरावर, आणि त्यांच्यात असते ती व्हान डर वाल्सची मंद ओढ. पेन्सिल कागदावर उमटते ती याच मंदपणामुळे. चांगल्या ग्रॅफाइटमध्ये जाळीच्या अंगानं उष्णतावाहकता दोन हजारांच्या आसपास जाते. तांब्याची चारशेच्याही आत. आणि जाळ्या ओलांडून? सहा ते दहा. शेकडो पटींचा फरक, एकाच काळ्या पट्टीत.

हा फरक इतका मोठा का, याचा अंदाज आवाजाच्या वेगावरून येतो. जाळीच्या अंगानं लाट सेकंदाला वीस किलोमीटरच्या वर धावते, आरपार चार किलोमीटरच्या आसपास. जाळीतली कंपनं सेकंदाला पन्नास लाख कोटींच्या घरात पोचतात. एक अख्खी जाळी शेजारच्या जाळीसमोर मागे-पुढे हलते ते कंपन मात्र चार लाख कोटींच्या आसपासच संपतं. म्हणजे जाळीत धावणाऱ्या बहुतेक कंपनांना शेजारच्या जाळीत उतरायला वाटच नसते. फोन बनवणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं: ऊब पाठभर पसरावी, पण एका जागी तळहातात घुसू नये.

मला त्या आकड्यांमधली एक गोष्ट मात्र अजून सुखानं अस्वस्थ करते. ग्रॅफाइटची वाईट दिशा अभ्रकाच्या चांगल्या दिशेपेक्षा जास्त उष्णता वाहते! सहा विरुद्ध चार. हलका कार्बन आणि एकच एक जातीचे अणू. अभ्रकात मात्र सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन, पोटॅशियम, हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) अशी गर्दी, वजनं वेगळी, लाटेला जागोजागी विखुरायला कारण. घट्ट बंध हे सगळ्याचं उत्तर नव्हे, हे मला या तुलनेनं जितकं पटलं तितकं कुठल्याही समीकरणानं पटलं नव्हतं. आणि कार्बनच घ्यायचा तर हिराही कार्बनचाच. त्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना चारही बाजूंनी सारख्याच ताकदीनं धरतो, म्हणून त्याची वाहकता दोन हजारांच्या वर असूनही ती सगळ्या दिशांना एकच. सोनाराकडचं हिरा तपासायचं छोटं यंत्र उष्णता किती झपाट्यानं निघून जाते एवढंच पाहतं. हिरा कुठल्या बाजूनं धरलाय याची त्याला पर्वा करावी लागत नाही.

पेडण्याकडे आगरवाड्याला मिठागरं आहेत. एप्रिलमध्ये तिथून गेलं की बांधावर मिठाचे ढीग दिसतात, जवळ गेलं की डोळे दिपतात, आणि मूठभर मीठ हातात घेतलं की जाडे, चौकोनी खडे तळहाताला टोचतात. त्या खड्यात सोडियम आणि क्लोरिन तिन्ही दिशांना सारखेच रचलेले असतात, म्हणून मीठ उष्णतेला दिशा देत नाही. कुठूनही पाहा, सहा-सातच्या आसपास. तिथून आणखी पुढे केरीच्या किनाऱ्यावर गेलं तर पायाखाली वाळू, म्हणजे बहुतांश क्वार्ट्झ. क्वार्ट्झमध्ये सगळीकडे सिलिकॉन-ऑक्सिजनचे पक्के बंध, कुठेही सुटणारा थर नाही, तरीही त्यांची रचना एका अक्षाभोवती वळत वर जाते आणि त्या अक्षाच्या दिशेनं स्फटिक जरा जास्त ताठ असतो. अक्षाच्या दिशेनं वाहकता दहा-अकरा, आडवी सहा-साडेसहा. वाळूच्या प्रत्येक कणाला हा अक्ष आहे. पण कण हवे तसे पडलेले, मध्ये हवा भरलेली. सगळ्यांच्या दिशा एकमेकींत हरवतात. आणि मधल्या हवेमुळे दुपारी वरची वाळू तळवे पोळते आणि पाऊल जरा खोल रुतवलं की खाली गार लागते. ढिगात दिशा उरत नाही, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे, कारण आपल्या आजूबाजूचे बहुतेक दगड, भांडी, विटा असे ढीगच असतात. म्हणूनच पुस्तकातला एकच आकडा बऱ्याचदा चालून जातो.

पण तो तक्ता मला आता नुसता वाचून पुढे जाता येत नाही. अकरावीच्या पुस्तकात चांदी ४०६, तांबं ३८५, आणि खाली लाकूड ०.१२. लाकूड, कुठल्या दिशेनं? हा प्रश्न मुलांनी विचारावा म्हणून मी तास वाकडा करून प्रयोग केला. तो माझा नव्हे, आंरी द सेनार्मों या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञानं १८४७ मध्ये स्फटिकांवर केलेला. त्यानं क्वार्ट्झच्या चकतीवर मेणाचा पातळ थर दिला, मधोमध उष्णता दिली आणि मेण वितळत जाताना त्याची कड कशी सरकते ते पाहिलं. अक्षाला काटकोनात कापलेल्या चकतीवर वर्तुळ उमटलं. अक्षाच्या अंगानं कापलेल्या चकतीवर लंबवर्तुळ, सुमारे १.३ पट लांब. त्याचा वर्ग केला की १.७, म्हणजे दोन दिशांच्या वाहकतांचं गुणोत्तर. अणूंची रचना डोळ्यांपुढे आणणारी क्ष-किरणं तेव्हा अजून कोणाला माहीतही नव्हती, आणि या माणसानं मेणाच्या कडेवरून स्फटिकाच्या आतली दिशा मोजली.

आम्ही फणसाची घासून गुळगुळीत केलेली फळी घेतली, मेणबत्ती वितळवून तिच्यावर कापसानं थर दिला आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक मधोमध उभं धरलं. लाकूड पिवळंधमक, मेणाखाली ते धूसर दिसत होतं. टोकाभोवती आधी एक ओला ठिपका, मग तो रेषांच्या दिशेनं दोन्हीकडे ताणला जाऊ लागला. त्याची कड स्वच्छ होती, चकाकणारी आतली बाजू आणि मंद बाहेरची, आणि ती सरकताना दिसत होती. मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली. फळीच्या कापलेल्या टोकावर, जिथे तंतूंची तोंडं दिसतात, तिथे तोच प्रयोग केला तेव्हा वर्तुळ आलं. लाकूड स्फटिक नव्हे, त्यात पोकळ नळ्या आहेत, हवा आहे, हे मी सांगितलं. पण त्या नळ्यांच्या भिंतींतही सेल्युलोजच्या लांब साखळ्या बहुतांशी तंतूच्याच दिशेनं पसरलेल्या असतात, साखळीत घट्ट बंध आणि साखळ्या-साखळ्यांत त्यामानानं सैल. वर्ग संपल्याची घंटा झाली. अभ्यासक्रम मागे पडतोय ही बोच मला होतीच, ती अजूनही आहे, आणि ती फळी मात्र मी प्रयोगशाळेच्या कपाटात जपून ठेवली आहे.

साखळीवरून आठवलं. रायबंदरच्या धक्क्यावर संध्याकाळी गळ टाकून बसणाऱ्यांकडे हल्ली विणलेली, दोऱ्यासारखी मऊ आणि न तुटणारी लाइन असते. ती पॉलिएथिलीनची, म्हणजे दुधाच्या पिशवीच्याच कुळातली. पिशवीत कार्बनच्या साखळ्या गुंतून पडलेल्या असतात, वाहकता अर्ध्या वॉटच्याही आत. साखळ्या ताणून एका रांगेत आणल्या की उष्णतेला कार्बन-कार्बन बंधांची सरळ वाट मिळते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २०१० मध्ये अशा अतिसूक्ष्म तंतूंची वाहकता १०४ पर्यंत मोजली गेली. बऱ्याचशा धातूंपेक्षा जास्त, तीही प्लास्टिकमध्ये. आणि उलट दिशेचं टोक शिकागो विद्यापीठातल्या गटानं २०२१ मध्ये गाठलं: मॉलिब्डेनम डायसल्फाइड या ग्रॅफाइटसारख्याच थरांच्या पदार्थाचे एक-एक रेणूच्या जाडीचे थर मुद्दाम वेडेवाकडे फिरवून एकमेकांवर ठेवले. थरातले बंध तसेच राहिले, म्हणून थरातली वाहकता टिकली. थरांमधला मेळ मोडला, म्हणून आरपार वाहकता हवेच्या दुप्पट-अडीचपट एवढीच उरली. दोन दिशांतलं गुणोत्तर जवळजवळ नऊशे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना, आणि दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्या दुकानात काही दुरुस्त करायला नसताना गेले, फक्त त्या मुलाला हे सांगायला. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “टीचर, थर फिरवायचा कोन मोजून ठेवला तर?” आरपार जाणाऱ्या लाटांना तो कोन किती फरक करतो, यावर आज जगभर काम चाललंय. त्याला मी तेच सांगितलं. हा मुलगा माझ्या वर्गातून निघून गेला होता, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि त्याच्या बोटांना या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत याचा आनंदही झाला.

आता आमच्यापुढे एक दगड आहे. सांग्याकडून येणाऱ्या एका मुलीनं शेताच्या बांधावरून आणलेला, करडा, उन्हात कललं की रुपेरी झाक मारणारा शिस्ट. त्या भागात असे थरांचे दगड बरेच. डोंगराच्या दाबाखाली त्यातले अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे बहुतेक एकाच दिशेला लोळवले गेलेत, म्हणजे वाळूसारखी दिशा हरवलेली नाही. पोटॅशियमच्या त्या सैल थरांची दिशा अख्ख्या दगडाला मिळालेली आहे. भूगर्भातून वर येणारी उष्णता मोजणाऱ्यांना म्हणूनच अशा दगडाचा नमुना थरांच्या अंगानं आणि थरांना छेदून, असा दोन्हीकडून तपासावा लागतो. आम्हीही तो दोन्हीकडून कापून घेणार आहोत. कुर्टीच्या एका लादीवाल्यानं कबूल केलंय, फक्त थरांना छेदून कापताना तो फुटेल अशी त्याला भीती आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून ती चकती जाड ठेवा, नंतर आम्ही घासू, असं मी सांगून आलेय. थरांच्या अंगानं कापलेल्या चकतीवर वर्तुळ यावं, छेदून कापलेल्या चकतीवर थरांच्या दिशेनं लांबट आकार. किती लांबट, यावर वर्गात वाद चालू आहे. त्या मुलीचं म्हणणं दीडपट, बाकीच्यांचं त्याहून कमी.